भिंतीपलीकडची ढोलकी

मंडळी, आज दुपारी उदगीरला आमच्या गल्लीत मारामारीच होणार होती.

घरामागच्या खोलीत दालमिलमधले बिहारी कामगार राहतात. त्यांचा एक सोबती परवा तापानं गेला, त्याचा देह गावाकडं पाठवला. आज तिकडून अचानक ढोलकी वाजायला लागली. शेजारच्या आप्पांची बायको आजारी. आवाजानं चिडून आप्पा काठी घेऊन निघाले, म्हणून मीही मागं धावले.

आत सगळे रडत रडत गात होते. आप्पांना बघून ढोलकीवाला उठला. "चाचा, उसके साथ गाँव नहीं जा सके, तो यहीं गा रहे थे. बंद करते हैं."

आप्पा काठी ठेवून खाली बसले.

"कशाला बंद करता? म्हणा. नाव काय होतं त्याचं?"

"बिरजू."

पुन्हा ढोलकी सुरू झाली. आप्पा टाळ्यांनी ताल देत बसले.

भिंतीला भिंत लागून राहतो आम्ही, पण हे नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं. तुमच्या शेजारी परमुलखातनं आलेल्यांची नावं तुम्हाला माहीत हायत का?