दोन कोअरचा की बिनपंख्याचा

आमच्या कार्यालयातला कॉम्प्युटर प्लास्टरच्या धुळीने मेला. कार्यालय म्हणजे हमरापूरच्या एका गणपती कारखान्यामागची खोली. कारखान्याच्या मालकिणीला सगळे काकू म्हणतात. त्यांनी खोली फुकट दिली आणि अट एवढीच घातली की मूर्तींना पॉलिश पेपर मारताना जी पांढरी धूळ उडते, तिच्याबद्दल कुरकुर करायची नाही. आम्ही केली नाही. खाडीचं खारं पाणी बांध फोडून भातशेतीत घुसतं, त्यावर पत्रकं काढणारी माणसं धुळीला काय भिणार, असं आम्ही तेव्हा मोठ्याने म्हणायचो. तेव्हा आम्ही बरेच जण होतो.

मग एकेक जण नोकरीला लागला. कुणी पनवेलला, कुणी त्याच्याही पुढे. मी रागावले नाही असं म्हणणार नाही. रागावले. पण शेवटी आम्ही दोघी उरलो तेव्हा तो रागही निवला होता. दुसरी माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, रोह्याची. मी मजकूर लिहायचे, ती पानाची मांडणी करायची. दर आठवड्याला कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडून आतला पंखा ब्रशने साफ करायचं कामही तिचंच. रोह्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये तिला नोकरी मिळाली. "ऑफ असला की येईन," म्हणाली. ऑफ येत राहिले, ती आली नाही. पंखा धुळीने जाम झाला आणि एका दुपारी पत्रक अर्धं असताना स्क्रीन काळी पडली.

नवीन घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून जुन्यात बघायचं ठरलं. ठरवलं म्हणजे मीच, एकटीने. आमच्यात कुठलीही गोष्ट हात वर करून मतदानाने ठरायची. आता रिकाम्या खोलीत कुणासमोर हात वर करणार?

पेणच्या दुकानात एक छोटा, डब्याएवढा कॉम्प्युटर होता. आत जुना, स्वस्तातला, चार कोअरचा प्रोसेसर. कमी वीज खाणारा, त्यामुळे त्याला पंखाच नाही, नुसता ॲल्युमिनियमचा ठोकळा. डब्यावर केवढा तरी मोठा "४" चिकटवलेला.

"चार कोअर हाय ताई, चार!" दुकानदार म्हणाला. "दोनवाला घेऊन काय करनार? दोन मानसं जास्त काम करतील का चार?"

"चौघं झोपाळू असले तर?" मी विचारलं.

"मग तुम्ही त्यांच्यावर मोर्चा काढा," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

मला हा असला धंदा सहन होत नाही. शहरातल्या ऑफिसांनी टाकून दिलेली यंत्रं आमच्याकडे येतात ती मोठे आकडे चिकटवूनच. एका कोअरचा वेग किती, हे कोणी सांगत नाही. आमचं छपाईचं काम जुन्या फाँटवर, एका जुन्या प्रोग्राममध्ये चालतं. प्रेसवाला दुसरी फाइल घेत नाही, आणि तो जुना प्रोग्राम एका वेळी एकच कोअर वापरतो. बाकीचे तीन बसून राहतात. मी पेनड्राइव्हवरचं पत्रक तिथेच उघडलं. ओळ टाइप करून झाली, अक्षरं मागाहून आली. बरोबरीने ब्राउझर उघडला, एक व्हिडिओ लावला, तरी तो डबा अडकला नाही. तिथे चार कोअर कामाला आले, हे कबूल. पण मला व्हिडिओ बघायचे नव्हते.

रोह्याच्या एका दुकानात दोन कोअरचा होता. पेणच्या डब्याहून जुना, वीज जास्त खाणारा, पंखेवाला, पण एकेक कोअर चांगला पळणारा. किंमत जवळपास तेवढीच. मी मैत्रिणीला फोन केला: "मशीन बघायला ये. तुझ्या डोळ्याखालून गेल्याशिवाय घेणार नाही." खरं तर मला बघता येत होतं. मला तिला दुकानात आणायचं होतं.

ती पहिली शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या निळ्या शर्टातच आली. लॅबचा वास अंगाला होता. खुर्ची ओढली, तीच फाइल उघडली, दोन कॉलमची मांडणी केली, चौकट टाकली, मथळा मोठा केला. बोटांबरोबर अक्षरं. छपाईची फाइल बनवायला टाकली, तर दुकानदाराचा चहा येईपर्यंत तयार.

"पळतोय गो हा," ती म्हणाली. "पेणच्या डब्यात काय झालं?"

"ओळ लिहून मी पाणी पिऊन आले, तेव्हा ती दिसायला लागली."

"फेकतेस."

"थोडं."

ती हसली, आणि मला वाटलं झालं. मी दुकानदाराला म्हणाले, "हाच बांधा."

"थांब," ती म्हणाली. "पंखा कोण साफ करणार?"

"तू. अजून कोण?"

तिने माउस सोडला. दुकानदार वायर शोधायच्या निमित्ताने आत गेला.

"मी नाय येणार गो आता," ती म्हणाली. "ऑफ असतो. पण मी झोपते, कपडे धुते. कंटाळा आलाय मला. बांध तिथंच फुटतो, आपण तेच पत्रक काढतो. तारीख बदलतो, बस."

मला उत्तर देता आलं असतं. असल्या वाक्याला कसं उत्तर द्यायचं हे मी किती पत्रकांत लिहिलंय. बांध फुटणं हा निसर्गाचा प्रकोप नाही, देखभाल न करण्याचा निर्णय आहे. आणि निर्णय बदलता येतात. एवढं तिलाही पाठ होतं, कारण माझी वाक्यं चौकटीत बसवणारी तीच होती. तिच्याच तोंडावर तिचीच चौकट कशी वाचणार?

"मग पेणवाला घे," तीच म्हणाली, जरा मऊ आवाजात. "धुळीत टिकेल. उघडावाच लागणार नाय. एकटीला तोच परवडतो."

सल्ला बरोबर होता. म्हणूनच जास्त लागला.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून मनातल्या मनात पत्रक लिहीत होते. मथळा होता: चार म्हणजे जास्त हा भ्रम. कासू स्टेशन गेलं तरी पहिल्या ओळीपुढे सरकले नाही. समोरची बाई मुलाला भेळ भरवत होती. तिने मला विचारलं, "बरं नाय का?" मी म्हणाले, "नाही, कॉम्प्युटरचा विचार करतेय." तिने मान डोलावली, जणू तो एक आजार असावा.

दुसऱ्या दिवशी पेणचा डबा घेतला. कुणी विचारलं तर आजही सांगते: पत्रकाच्या कामाला दोन कोअरचाच चांगला, त्याच पैशात कितीतरी चांगला. पण शेजारी कोणीतरी हवं. बिनपंख्याचा संथ आहे, निमूट आहे, आणि काकूंच्या कारखान्यात अजून चालू आहे. आवाज मात्र अजिबात करत नाही, हे मी हिशेबात धरलं नव्हतं. आधीच्या मशीनची घरघर असायची, खोलीत कुणी आहे असं वाटायचं. आता पलीकडून पॉलिश पेपरची खरखर तेवढी येते. अक्षरं उमटायची वाट बघायला लागते, म्हणून माझी वाक्यं आखूड झालीत. विशेषणं गेली. मांडणीही मीच करते, वाकडीतिकडी. काकू एकदा डोकावून म्हणाल्या, "काय गो, नुसती बघत बसलीस?" मी म्हटलं, "ओळ यायचीय." त्या म्हणाल्या, "येऊ दे, मी चा टाकतं," आणि गेल्या.

अर्धं राहिलेलं ते पत्रक पुरं करून, छापून झाल्यावर मी खाडीकाठच्या वस्तीत एकटी गेले. पूर्वी एक जण वाटायची, एक जण बोलायची. मिठागरावरून परतलेल्या एका बाईने पत्रक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं.

"तुजी जोडीदारीण कुठं हाय?"

"कंपनीत लागली."

"बरं झालं तिचं." तिने पत्रक मला परत दिलं. "आता कोन वाचनार? तूच वाच. माज्या डोल्यांना एवढं बारीक दिसत नाय."

मी वाचायला लागले. दारात आणखी दोघी येऊन टेकल्या. मथळा आणि पहिली ओळ मी एका दमात उरकली, तेव्हा ती म्हणाली, "सावकाश वाच. आमाला घाई नाय."