चालत आलेलं मढं

माझा पहिला नवरा ब्रह्मदेशाच्या लढाईत गेला, पलटणीकडून तशी तारही आली, तरी आमच्या घरात तो मेलेला नव्हता. सासूबाईंनी त्याला मरूच दिलं नव्हतं. त्यांना मी आत्या म्हणायची. "मढं बघितल्याबिगर मी न्हाई मानायची," म्हणाल्या आणि तार वाचून दाखवणाऱ्या पोस्टमनला पाणीसुद्धा न विचारता त्यांनी वाटेला लावलं. त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला त्या वेशीवर जायच्या आणि आटपाडीच्या रस्त्याकडे तोंड करून लेकाला नावानं हाक मारायच्या. लांब गेलेली मेंढरं बोलवावीत तशी, खणखणीत. मग घरी येऊन जेवायच्या.

मी तेव्हा विशीतली. कपाळाला कुंकू होतं आणि नवरा नव्हता. आमच्यात विधवेचा पाट लावायची, म्हणजे तिचं दुसरं लग्न करून द्यायची रीत होती. माझ्या भावानं तासगावकडचं एक स्थळ पाहिलंही होतं. पण पहिल्याचं क्रियाकर्म झाल्याशिवाय पाट लागणार कसा? भाऊ विचारायला आला, तर आत्यांनी त्याला जोंधळ्यातली पाखरं हाकलावीत तसा हाकलला. "माझा ल्योक जिता हाय!" मी चुलीपुढे बसून ऐकत होते. राग आला, खोटं कशाला सांगू. दुःखही होतंच, पण त्या दुःखाला निदान सुरुवात तरी करू द्या, असं वाटायचं.

लढाईच्या बातम्या कळाव्यात म्हणून चावडीत रेडिओ बसवला होता. पुरुष चावडीत आणि आम्ही बायका समोरच्या देवळाच्या पायरीवर. त्या पेटीतून कधीमधी सैनिकांचे घरच्यांना निरोप यायचे, म्हणून आत्या पायरीवरची आपली जागा कुणाला देत नसत. एकदा बातम्या संपल्यावर एक छोटी श्रुतिका लागली. सुरुवातीलाच सांगितलं होतं की ही कल्पित गोष्ट आहे. भजीचा एक घाणा निघेस्तोवर संपली असेल, पण गाव हादरलं.

गोष्ट एका नावाड्याची. तो पुरात बुडून मरतो. बायको रोज नदीकाठी जाऊन त्याला बोलावत राहते. शेवटी तो उठतो आणि चालत घरी येतो. चिखलातून ओढलेली पावलं ऐकू यायची, फसक, फसक. दारात उभा राहून तो कुणाला धरत नाही, मारत नाही. एवढंच म्हणतो, "तू हाक मारतेस म्हणून मला निजता येत नाही. पाय दुखतात. आता पुरे कर."

त्या रात्री तालमीतले गडी घोळक्यानं घरी गेले म्हणे. एरवी मारे दंड थोपटायचे! आत्या मात्र घाबरल्या नाहीत, भडकल्या. वाटभर त्या नावाड्याच्या बायकोला शिव्या घालत होत्या. "काय बया म्हणायची ही! दमल्याल्या माणसाला जरा पडू दीना! सोताला करमंना म्हणून त्येला चिखलातनं चालाय लावती व्हय!"

"आवं आत्या, गोष्ट हाय ती," मी म्हणाले.

"असंना गोष्ट. अक्कल नगं का तिला?" असं म्हणता म्हणता त्या एकदम थांबल्या. माझ्याकडे बघितलं. आत्या रस्त्यातच खाली बसल्या नि पदर तोंडात कोंबून रडल्या. तार आल्यापासून पहिल्यांदा. मीही शेजारी बसले आणि मोकळेपणानं रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून भटजींना बोलावलं. देह नसला तर दर्भाचा पुतळा करून दहन करतात, तसं माणगंगेच्या कोरड्या वाळूत केलं. दहाव्याला पिंड ठेवला. कावळा शिवेना तर मेलेल्याची काय इच्छा राहिली ते ओळखून शब्द द्यायचा असतो. आत्या रात्रभर शब्दांची जुळवाजुळव करत होत्या. शेताचं बघीन, देवीला बोकड देईन, सुनेचं भलं करीन. सगळे हात जोडून उभे राहिले. आत्यांनी तोंड उघडलं, तोवर कावळा येऊन पिंडाला चोच मारून गेलासुद्धा!

आत्या तशाच उघड्या तोंडानं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्येचं कायबी ऱ्हायलं नव्हतं गं. आपुनच धरून बसलो हुतो." आणि डोळे पुसत, मनात जुळवलेलं शेवटचं वचन त्यांनी तरीही मोठ्यानं बोलून टाकलं. भावाला निरोप त्यांनीच धाडला. पाटाच्या वेळी माझ्या नव्या नवऱ्याला दम भरला, "हिचं म्हायेर माझ्याकडं हाय, ध्यानात ठिव."

ते खरंच झालं. पहिल्या बाळंतपणाला मी भावाकडे गेले नाही, आत्यांकडे गेले. मुलगा झाला. सुईणीच्या हातातून त्यांनीच त्याला आधी घेतला. माझ्या मनात एक नाव होतं, नवऱ्यालाही विचारून ठेवलं होतं. आत्यांना बरं वाटेल म्हणून मी ते त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी पोराच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि मान हलवली.

"त्येचं नाव नगं गं पोरी," त्या म्हणाल्या. "ह्यो नवा हाय. ह्येला नवंच नाव ठिव."