हौगेन बाईंची रॅगना

थीरा हौगेन बाई आमच्या शाळेत आल्या त्या १९५६ च्या सप्टेंबरात. डाकोटाच्या माळावरची एका खोलीची शाळा. पहिली ते आठवी मिळून आम्ही नऊ मुलं. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून बाईंची राहायची खोली होती. सगळ्यात जवळचं घर आमचं, तेही दोन मैलांवर. शुक्रवारी आम्ही घरी गेलो की सोमवार सकाळपर्यंत बाईंच्या कानावर वाऱ्याशिवाय दुसरा आवाज पडत नसे. बाई चाळिशीच्या, उंच, एकट्या. हसू आलं की पटकन तोंडावर हात धरायच्या, जणू काही चूकच झाली.

इतिहासाच्या पुस्तकात आमच्या पणजोबा-पणज्यांबद्दल एकच परिच्छेद होता. धाडसी माणसांनी हा उजाड माळ नांगराखाली आणला, असा काहीसा. आम्ही तो घडाघडा म्हणून दाखवायचो. एकदा बाईंनी विचारलं, "धाडसी म्हणजे काय करायची ती माणसं?"

आम्ही पुस्तकाची पानं उलटायला लागलो. शेवटी मागून एक आवाज आला, "नांगरायची."

पुढच्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर बाईंनी एक वही उघडली आणि वाचायला लागल्या. रॅगना नावाची बाई नॉर्वेहून नवऱ्याबरोबर इथे येते, १८८१ साली. झाड नाही म्हणून लाकूड नाही, म्हणून गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेपांचं घर बांधतात. गोष्ट बाईंनी स्वतः लिहिलेली होती. वाचून झाल्यावर त्यांनी आम्हाला अंगणात नेलं, दोरी लावून रॅगनाच्या घराएवढी, बारा फूट बाय चौदा फूट जागा आखली आणि नऊच्या नऊ जणांना आत उभं केलं. स्वतःही आत आल्या. तासभर कुणी बाहेर पाऊल टाकायचं नाही.

"सरक ना जरा!"

"कुठे सरकू, भिंतीत?"

त्या दिवसापासून आम्ही शुक्रवारची वाट बघायला लागलो. दुसऱ्या आठवड्यात आम्ही रॅगनासारखे लाकडाऐवजी वाळलेल्या गवताचे पीळ करून जाळून पाहिले. हातांना ओरखडे पडले, गवताचा ढीग संपला आणि किटलीतलं पाणी जेमतेम कोमट झालं. एकदा रॅगनाला टेकडीवर दगडांचं कडं सापडलं. "हे कुणी मांडलं, बाई?" आम्ही विचारलं. बाई म्हणाल्या, "त्याच्या आत ज्यांचे तंबू होते, त्या इथल्या मूळच्या लोकांनी. त्यांना इथून हाकलून दिलं. माळ उजाड नव्हता, रे. रिकामा करून घेतला होता." पुस्तकात हे कुठेच नव्हतं.

मग गोष्टीत रॅगनाचा नवरा रेल्वेच्या रुळांच्या कामाला तीन महिन्यांसाठी गेला. रॅगना गायीच्या सोबतीने राहिली. रोज देवाची गाणी म्हणायची आणि आनंदात असायची. त्या दिवशी टोर्स्टेन ब्रेक्के आजोबा शाळेला कोळसा घेऊन आले होते. ऐंशीच्या पुढचे. ते मागच्या बाकावर बसून सगळं ऐकत राहिले. संपल्यावर टोपी हातात फिरवत म्हणाले, "बाई, गोष्ट झकास आहे. पण ती गाते कुणासाठी?"

"म्हणजे?"

"माझे बाबाही असेच गेले होते. मी पाच वर्षांचा. पहिला महिना आई माझ्याशी बोलायची. दुसरा महिना गायीशी. तिसऱ्या महिन्यात गायीशीही नाही. बाबा परत आले तेव्हा तिला त्यांचं नाव घेता येईना. ओठ नुसते हलायचे." त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "वेडी नव्हती हं ती. नुसती गप्प झाली होती."

त्यानंतर दोन शुक्रवार वही उघडलीच नाही. तिसऱ्या शुक्रवारी बाईंनी नवा भाग वाचला. रॅगनाची गाणी त्यांनी काढून टाकली होती. आता रॅगना रोज दुपारी दारात उभी राहून सात मैलांवरच्या एका घराचा धूर बघायची. त्या घरात कोण राहतं हेही तिला माहीत नव्हतं. धूर दिसला की आत जाऊन भाकरी करायची. एक दिवस धूर दिसला नाही. तिने नवऱ्याचा कोट चढवला आणि बर्फातून चालायला लागली. इथे बाईंनी वही मिटली.

मी दहा वर्षांची होते. घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. आमच्याकडे त्या शरद ऋतूत बाळ दगावलं होतं आणि तेव्हापासून आई हवं-नको एवढंच बोलायची. ती लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पोळ्या, लाटत होती. लाटणं थांबलं.

"मग? पोचली का ती?"

"बाईंनी वही मिटली."

"अशी कशी मिटली!" कित्येक आठवड्यांत आईचा आवाज पहिल्यांदाच चढला होता.

पुढच्या शुक्रवारी आई दोन मैल चालत शाळेत आली. ब्रेक्के आजोबांच्या शेजारी, लहान मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसली. रॅगना पोचली होती. त्या घरातली बाई तापाने पडली होती. दोघींच्या भाषा वेगळ्या होत्या. रॅगनाने चूल पेटवली आणि आठ दिवस तिथेच राहिली. आई रडली, पण उठून गेली नाही.

महिन्याभरात आणखी तीन आया येऊ लागल्या. शाळा समितीच्या अध्यक्षांना ते रुचलं नाही. ते दारातूनच म्हणाले, "बाई, पोरांना असलं रडगाणं कशाला? आपली माणसं शूर होती."

"होती ना," बाई म्हणाल्या. "म्हणून तर किती सोसलं ते सांगते."

एकदा सगळे गेल्यावर आईने विचारलं, "बाई, शनिवार-रविवार तुम्ही कुणाशी बोलता हो?"

बाईंनी तोंडावर हात धरला. "रॅगनाशी." मग हात खाली आला, पण हसू नव्हतं.

"रविवारी जेवायला या," आई म्हणाली. "आमचे हे फारसे बोलत नाहीत, पण खातात चांगलं."

बाई रविवारी येऊ लागल्या. दोघी कॉफी घेऊन खिडकीशी बसायच्या. फार बोलायच्या असं नाही. असे सहा-सात रविवार झाले असतील. मे महिन्यात आमची शाळा कायमची बंद झाली. मुलं थोडी म्हणून आम्हाला गावच्या मोठ्या शाळेत घातलं. बाईंना नोकरी मिळाली ती नव्वद मैलांवरच्या शहरात.

दोन वर्षांनी बाबांनी आम्हाला त्यांना भेटायला नेलं. बाई भाड्याच्या एका खोलीत राहत होत्या, खालून मोटारींचा आवाज येत होता. वर्गात चौतीस मुलं होती. वेळापत्रकात गोष्टीला जागा नव्हती, इतिहासाचा एक धडा आठवड्यात संपवावा लागे.

"रॅगनाचा नवरा परत आला का?" मी विचारलं.

"लिहिलंच नाही गं पुढे," बाई म्हणाल्या. "इथे कुणी विचारत नाही."

परतताना आई गाडीच्या काचेतून मागे पडणाऱ्या घरांकडे बघत होती. मग बाबांना म्हणाली, "इतकी माणसं आहेत तिथे. पण रविवारी जेवायला कुणी बोलावत नसेल."

आईने त्यांना दर महिन्याला पत्र लिहिलं. बाईंची उत्तरं लांबलचक यायची, सात-आठ पानांची. अकराव्या वर्षी आईचंच पत्र टपालाचा शिक्का घेऊन परत आलं. घरमालकाने त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं की बाई फेब्रुवारीत वारल्या आणि कुणाला कळवायचं ते आपल्याला माहीत नव्हतं.