टेकडीवरच्या लेआउटात मला ओळखणारी माणसं

भुताखेताच्या गोष्टी कुणी सुरू केल्या की मी उठून चहा टाकायला जाते. सोलापूरला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. काचेखाली दिसतं तेवढंच खरं, असा स्वभाव झालाय, आणि तो आजही बदललेला नाही. त्यामुळे हे घाबरून लिहीत नाहीये... वैतागून लिहितेय.

माझी धाकटी बहीण सुरेखा कर्नाटकात बसवकल्याणला दिलेली. गावाबाहेर टेकडीच्या उतारावर प्लॉट पाडून नवीन लेआउट झालाय, तिथे त्यांनी साईट घेऊन घर बांधलं. वास्तुशांतीच्याच आठवड्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, जाता आलं नाही. सुरेखा फोनवर "असू दे ताई" म्हणाली, पण तिला लागलं होतं. शेवटी यंदा संक्रांतीनंतर गेले. त्या लेआउटात आयुष्यात पहिल्यांदा.

दुपारचा चहा झाल्यावर सुरेखा मला सगळं दाखवायला निघाली. लाल मातीचा चढ, दोन्ही बाजूंना अर्धवट बांधलेली घरं, माथ्यावर पाण्याची टाकी. टाकीपाशी उभं राहिलं की एका अंगाला गाव आणि किल्ला, दुसऱ्या अंगाला तुरीच्या शेतांतून मंठाळकडे जाणारा रस्ता. "हितं पार्क होणार हाय, तिकडं शाळा," ती हौसेनं सांगत होती.

उतरताना एका गेटातून एक बाई बाहेर आल्या. "अक्का, परत आलाव व्हय? या की आत."

"ह्या आमच्या शेजारच्या शांताक्का," सुरेखा मला म्हणाली. मग त्यांना म्हणाली, "ही माझी थोरली बहीण. पहिल्यांदाच आलीय."

"पहिल्यांदा कसं? पावसाळ्यात आलता की तुमी. हितंच बसून पाणी पिलाव. सुरेखाची बहीण म्हणून सांगितलाव. नातवाची खाट त्या भिंतीपासून हलवा म्हणलाव. हलवली, अन् त्याच रात्री वरची माती सरकून भिंत आत पडली." त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "लेकरू वाचलं बघा."

पावसाळ्यात मी ऑपरेशनमुळे सोलापुरात वॉकर धरून चालत होते, जिनासुद्धा उतरत नव्हते. तसं सांगितलं. दुसरं कुणी असेल, म्हटलं. शांताक्का नुसत्या हसल्या. "हनुवटीवरचा हा तीळ बी दुसऱ्याचा व्हय?"

इथवर ठीक होतं. पण कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातले म्हातारे अप्पा मला बघून म्हणाले, "त्या दिवशी बहिणीचं घर दाखवलं तुमाला, तर गेटापर्यंत जाऊन माघारी कामून फिरलाव?"

सुरेखा घरी येईपर्यंत झपाझप पुढे चालत राहिली. मग म्हणाली, "वास्तुशांतीला न्हाई आलीस, समजू शकते. पण दारातून माघारी गेलीस?"

मी समजावलं. चिडले. सोलापूरला माझ्या सुनेला फोन लावून स्पीकरवर टाकला. सूनबाईनं सगळं नीट सांगितलं... तर सुरेखा म्हणे, तिला न सांगता आली असशील. जितकं खरं सांगावं तितकी मी खोटी ठरत होते. तिचे मालक, बालाजीराव, पेपरमधून मान वर करून म्हणाले, "असू द्या ताई, व्हतं कवा कवा."

काय होतं कवा कवा? मी विचारलंही. ते परत पेपर वाचायला लागले.

सारखा चेहरा असू शकतो, मान्य. पण सारखा तीळ? बहिणीचं नाव? आणि ती भिंत? मला यातल्या कशाचंच उत्तर आजवर सापडलेलं नाही, आणि विचार करकरून डोकं उठलंय.

मागच्या महिन्यात सुरेखाचा फोन आला. ती आणि बालाजीराव मंठाळला लग्नाला गेले होते. भर दुपारी शांताक्कांनी मला सुरेखाच्या बंद गेटासमोर उभं पाहिलं म्हणे. हाक मारली तर मी वळून बघितलं आणि उतारानं निघून गेले. त्या दुपारी मी लॅबमध्ये होते, सगळा स्टाफ साक्षीला आहे. आता पुन्हा तेच सगळं, म्हणून मी समजवायला तोंड उघडलं.

पण सुरेखा या वेळी भांडली नाही.

"ताई," ती म्हणाली, "किल्ली शांताक्काकडंच असती. पुढच्या टायमाला उघडून आत बस. उन्हात उभारू नको."

मी "बरं," म्हटलं.