टेलरमावशीने बदललेला शब्द

“आधी धागा ओवू दे, मग बोल.” हे टेलरमावशीचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाईक रडत येवो की भांडत येवो, सुईच्या नेढ्यातून धागा पार झाल्याशिवाय मावशीची मान वर व्हायची नाही. चाळीस वर्षं ती त्याच खिडकीपाशी, त्याच पायमशीनवर बसत आली. बाहेरचं ऊन कापडावर कुठवर सरकलं, यावरून तिला वेळ कळायची.

तीन वर्षांपूर्वी तिला कॅन्सर झाला. डावा स्तन काढला, औषधांनी केस गेले. ती इस्पितळातून घरी येईपर्यंत अर्ध्या गिऱ्हाइकांनी न कापलेली कापडं गुपचूप परत नेली होती. “मी नुसती खाटेवर होते,” ती म्हणायची, “या बायांनी मला पार हार घालून भिंतीवर टांगलं!” मग केस आले, हात चालू लागला, आणि एकेक गिऱ्हाईक तिने टाक्याटाक्याने परत जोडलं.

अशात नातीच्या शाळेने कॅन्सरच्या संशोधनाला निधी मिळावा म्हणून मुलांची धाव ठरवली. प्रत्येक मुलाच्या पाठीवर एक पांढरं कापड बांधायचं आणि त्यावरच्या मोकळ्या जागेत मुलाने आपल्या माणसाचं नाव लिहायचं. दोनशे चाळीस कापडं छापून आली. कडा दुमडून बांधायला बंद शिवायचं काम अर्थातच मावशीकडे. तीन दिवसांत तिने ती हातावेगळी केली, पण त्यावरचं एक अक्षर वाचलं नाही. शिवणाऱ्याची नजर कडेवर असते. छापलेली बाजू सुलट आणि कोरी बाजू उलट, एवढंच तिने पाहिलं.

धावेच्या आदल्या सकाळी नात पाठीला कापड बांधून समोर आली. ही पोर कधी एका जागी ठरत नसे, म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणत.

“आजी, बघ! उद्या तुझ्यासाठी धावणार!”

मावशीने चष्मा नीट केला. वर भिंगरीचं गोल गोल अक्षर, ‘माझी आजी’. खाली छापलेलं, ‘यांच्या स्मरणार्थ’.

“अगं, मी मेले कधी?”

“म्हणजे?”

“स्मरणार्थ म्हणजे गेलेल्या माणसाच्या आठवणीत, बाळा.”

भिंगरीचा चेहरा उतरला. “मला वाटलं, धावताना तुझी आठवण काढायची.”

मावशीला हसू फुटलं, आणि हसता हसताच ते विरलं. उद्या सगळा गाव मैदानाभोवती उभा राहणार आणि तिचीच नात तिला मेलेली म्हणून मिरवणार. जी माणसं कशीबशी परत जोडली, त्यांच्या मनातून ती पुन्हा पुसली जाणार. तिने सुई, धागा आणि पांढऱ्या कापडाचा तागा पिशवीत घातला आणि शाळा गाठली.

मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी कपाळाला हात लावला. “मावशी, उद्या सातला शिट्टी वाजायचीय. आता दोनशे चाळीस कापडं कुठं बदलू?”

“सगळी कशाला? ज्यांची माणसं जिवंत आहेत, तेवढीच.”

“अशी असणार किती? तुम्ही एकट्याच असाल.”

“विचारून तर बघा.”

मोठ्या बाईंनी मुलांना मैदानात उभं केलं. “ज्यांचं माणूस या दुखण्यातून उठलंय, किंवा अजून झुंजतंय, त्यांनी हात वर करा.”

भिंगरीचा हात वर गेला. मग आणखी दोन. दोन वेण्यांची एक मुलगी चाचरत म्हणाली, “बाई, माझ्या काकांचं डॉक्टरांनी अजून नक्की काही सांगितलं नाही. मी करू का?”

मागून मावशीचा आवाज आला, “घरी आहेत ना? जेवतात ना?”

“थोडंसं.”

“मग कर की हात वर! चांगला ताठ कर!”

तो हात ताठ झाला, आणि मग रांगारांगांतून हात उगवत गेले. एकोणपन्नास भरले. मोठ्या बाई पुन्हा मोजू लागल्या, पण मावशीने व्हरांड्यात बसकण मारून पिशवी उघडलीसुद्धा होती.

‘यांच्या’ला तिने हात लावला नाही. पुढच्या ‘स्मरणार्थ’वर पांढरं ठिगळ बसवलं आणि त्यावर वरच्या वर्गातल्या मुलींनी लिहिलं, ‘साठी’. दोन शिक्षिका मदतीला सरसावल्या. मावशीने त्यांचे टाके मुकाट उसवले आणि स्वतः पुन्हा घातले. “शिकवायचं तुम्ही बघा, बाई. शिवायचं माझ्याकडे राहू दे.” ऊन व्हरांड्याची शेवटची पायरी उतरलं, तेव्हा एकोणपन्नासावा धागा तिने दातांनी तोडला.

सकाळी सातला शिट्टी वाजली. मावशीला पाहुण्यांच्या रांगेत खुर्ची दिली होती. मुलं समोरून धावत गेली आणि भोवतीची माणसं त्यांच्या पाठी वाचू लागली. मावशी उठून उभी राहिली.

“बसा हो, दमाल!” मोठ्या बाई म्हणाल्या.

“बसले की मी दिसत नाही, बाई.”

चपला खुर्चीखाली सारून ती फक्कीने आखलेल्या पांढऱ्या रेघेवर उतरली. मागून भिंगरी धापा टाकत आली. “आजी, पळ ना!”

“तू पळ. मी चालते माझी.”

भिंगरी पुढे निघून गेली. मान ताठ, हात मोकळे सोडून मावशी वळणाकडे चालत राहिली. मोठ्या बाई शिट्टी हातात धरून बघत होत्या. त्यांच्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीमागे दोन वेण्यांच्या मुलीचे काका शाल लपेटून उभे होते, तेही बघत होते.