राखून ठेवलेली चूक

मामा संगणकापाशी उभे राहायचे ते दोन्ही हात पाठीमागे बांधून. समोर खुर्चीत नवा माणूस बसलेला, त्याला कळफलकावर एक अक्षर सापडत नसायचं, आम्ही जुने नुसते तळमळायचो, आणि मामा शांतपणे म्हणायचे, "सापडंल. कुठं पळून चाललंय ते?" आमच्यापैकी कुणाचा हात मदतीला पुढे सरकलाच, तर "हात मागं!" अशी आरोळी यायची, की खालचा गिरणीवालासुद्धा दळण थांबवून वर बघायचा.

मामा, म्हणजे आम्हा सगळ्यांचेच मामा, वाळूजच्या एका कारखान्यात वायरमन. तिथे पहिला संगणक आला तेव्हा यांनी कौतुकानं बोट पुढे केलं, आणि साहेबानं ते झटकलं. "बिघडंल म्हणला. आरं, त्याला करंट मी देतो, अन् माझ्याच हातानं बिघडंल व्हय?" हे ते हसत सांगायचे, पण फार वेळा सांगायचे. पुढे जिद्दीनं शिकले. सिडकोतल्या एका ओळखीच्या कॉम्प्युटर क्लासची खोली रविवारपुरती मागून घेतली आणि आमचं टोळकं जमवलं. शाळांसाठी मराठीत गुणपत्रक छापणारा प्रोग्रॅम आम्ही सगळे मिळून लिहीत होतो. फ्लॉपी आणा, फुकट न्या, उघडून वाचा, हवा तसा बदला. बदललेलं तेवढं आम्हालाही आणून द्या, एवढीच अट. अशा कामाला ओपन सोर्स म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आम्ही त्याला मामांचा रविवार म्हणायचो.

ते विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस होते. नवा माणूस भेटला की लोक नावाआधी आडनाव विचारायचे, आणि ते ऐकून चहा कुठल्या कपात द्यायचा ते ठरवायचे. मामांच्या खोलीत आडनाव विचारायला बंदी. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला, ज्यांनी ज्यांनी त्याला हात लावला त्यांची यादी होती. तीत नाव आणि गाव, बस्स. त्यातला 'लक्ष्मण, गंगापूर' म्हणजे मी.

माझं नाव पहिल्याच दिवशी लागलं, ते काही माझ्या हुशारीमुळे नव्हे. मामा सोप्या चुका मुद्दाम राखून ठेवायचे. आम्हाला दिसलेली, चुटकीसरशी निघणारी चूक असली की म्हणायचे, "ती नव्याची हाय. तू अवघड घे." माझ्या वाट्याच्या चुकीनं माझे अडीच तास खाल्ले. मेंढरांमागे वाढलेला मी, संध्याकाळी गंगापूरच्या जीपमध्ये कोंबून बसलो होतो आणि शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याला सांगत होतो की आज मी कॉम्प्युटर दुरुस्त केला!

एका रविवारी मामांना कारखान्यात बोलावणं आलं आणि खोलीची किल्ली माझ्याकडे आली. अकराच्या सुमारास बिडकीनहून एक प्राथमिक शिक्षिका आल्या. हातात आमच्याच प्रोग्रॅमनं छापलेलं गुणपत्रक. "ह्यात गैरहजर पोराला शून्य पडायलंय," त्या म्हणाल्या. "आजारी असणं अन् शून्य मिळणं एक नाय ना, दादा?" आमच्यापैकी एकालाही ही चूक दिसली नव्हती. ती प्रोग्रॅममध्ये कुठे असावी हेही बाईंनी वहीत लिहून आणलं होतं, आणि ते अगदी बरोबर होतं.

"मी बसून बघू का?" त्यांनी विचारलं.

खुर्चीत मी होतो. उठलो नाही. "थांबा, आत्ता करून देतो," म्हणालो आणि दोन मिनिटांत केलंही. यादीत त्यांचं नाव घालायचं मला सुचलंदेखील नाही. नाव विचारलंच नव्हतं. बाईंनी वही मिटली. "झालं? बरं." फ्लॉपी घेऊन त्या जिना उतरून गेल्या, आणि मी शहाणा दिवसभर स्वतःवर खूश!

पुढच्या रविवारी मामांना हे फुशारकीनं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "बाईंचा हात लागला का त्याला?"

"गरजच पडली नाही, मामा."

मामांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. मग म्हणाले, "लक्ष्मण, तू बी साहेब झाला की रं."

चार लोकांत कान उपटला असता तरी चाललं असतं.

मामा स्वतः दोनदा बिडकीनला जाऊन आले. बाईंनी चहा पाजला, आणि "तुमची माणसं लई हुशार हायत. तिथं माझं काय काम?" असं म्हणाल्या. त्यानंतर जिन्यावर पावलं वाजली की मामा दाराकडे बघायचे. त्या रविवारावरून मला ते पुन्हा कधी बोलले नाहीत, आणि मीही कधी माफी मागितली नाही.

मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी जुन्या फ्लॉपीतला तो प्रोग्रॅम मी उघडला. आमच्या गुणपत्रकाच्या चौकटीचा खालचा उजवा कोपरा कायम उघडा राहायचा. आम्ही इतकी वर्षं प्रिंटरला शिव्या घालत होतो. प्रिंटरचा काही दोष नव्हता. चौकट काढणाऱ्या ओळींत मामांनी ती चूक तशीच ठेवली होती आणि शेजारी इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ लिहून ठेवली होती: 'ही चूक बिडकीनच्या बाईंची. हात मागं.'

मी बिडकीनला गेलो. शाळेत सगळी माणसं नवी. बाईंची बदली केव्हाच झालेली, कुठे ते कुणाला सांगता येईना. आणि मी तरी काय नाव घेऊन विचारणार होतो?

तो कोपरा एका ओळीत बंद होईल. मी तो बंद केलेला नाही. यादीत छत्तीस गावं आहेत, बिडकीन नाही, आणि ते माझ्यामुळे राहिलं.