हळद लावलेली मरळ

आमच्या मंडळाला ना पाटी आहे, ना पावती. फाल्गुन लागला, सावित्री नदीचं पाणी उतरून पोलादपूरच्या वरच्या अंगाला नुसते डोह उरले, की रविवारी आम्ही सातआठ जण गळ घेऊन जमतो. बाई मी एकटीच. सुरुवातीला नाकं मुरडणारे आता माझ्याच हातचं वाटण मागतात, मेले! नियम दोनच. ज्याचा बसायचा दगड त्याचाच, आणि ज्याला मासा लागला नाही त्याने सगळ्यांची भांडी घासायची.

यंदा आमचे ड्रायव्हरदादा वर्षभराने आले. एसटीतून निवृत्त झालेले, आणि गेल्या वर्षी अर्धांगाने उजवा हात गेलेला. मुंबईचा मुलगा त्यांना कायमचं तिकडे न्यायचं म्हणत होता. दादा वाटेतच मला म्हणाले, "आज बघतो गो. जमलं तर ऱ्हातो, नायतर जातो आपला पोराकडं." हा माणूस नसेल तर डोहावर मजा ती काय?

काठावरची सावर लालेलाल फुलली होती. पलीकडे उंबरावर धनेशाची जोडी फळं उडवून झेलत होती. एक पाणमांजर डोकं वर काढून आम्हाला बघून गेलं. "आमच्या वाटचं ठेव रे थोडं!" दादा त्याच्यावर ओरडले. उन्हं चढेपर्यंत सगळ्यांना काही ना काही लागलं. दादांचा डावा हात मात्र चुकत होता. गळ कधी झुडपात, तर कधी माझ्या ओढणीत.

दादा झऱ्यावर पाणी प्यायला गेले, तेवढ्यात आमचा स्वयंपाक करणाऱ्या गुरुजींनी डाव साधला. चुलीजवळच्या ताटातली एक मरळ उचलली, दादांच्या गळाला अडकवली आणि दिली पाण्यात सोडून.

दादांनी येऊन दोरी ओढली. "लागला, लागला!" आम्ही एकच गिल्ला केला. दादांनी मरळ उन्हात धरली. अंगावर एक खवला नाही, आणि कल्ल्यांत पिवळीधमक हळद! गुरुजींनी घाईत मीठ-हळद चोळलेलीच उचलली होती.

"हळद लागलीय. लगीन ठरलंय वाटतं हिचं," दादा म्हणाले. हसून हसून आमची मुरकुंडी वळली. तेही हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले.

"माजी कीव नको रे. नाय लागला तर नाय लागला. भांडी मीच घासणार."

जेवणं झाल्यावर ते पाण्याशी बसले. टोप दोन्ही पायांत धरला आणि डाव्या हाताने वाळू घेऊन घासायला लागले. मी मदतीला पुढे सरकले, तर असे खेकसले की मी गुपचूप मागे. उशीर झाला, पण कुणी निघालं नाही. टोपाच्या बुडाला तेलकटपणा राहिलाच. हात शिवशिवत होते माझे, तरी मी तो तसाच पिशवीत भरला.

परतताना दादांच्या मुलाचा फोन आला. न्यायला कधी येऊ, असं विचारत होता.

"आत्ता नाय रे जमायचं," दादा म्हणाले. "भांडी अजून नीट निघत नायत माज्याकडनं. पुढल्या रविवारी बघतो."